नवा सायलेन्सर आणि जळत्या रुईचा वास

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजोबांच्या गाडीचा आवाज असा जाड का येतो, आणि जूनमध्ये बाबा एकाएकी अमरावतीला येऊन नागपूरच्या डॉक्टरांकडे का गेले. तुमचे बाबा मध्येच म्हणाले, "ते मोठं आहे, नंतर सांगू." तसं ते मोठं नाही. एका उन्हाळ्याची गोष्ट आहे, आणि ती त्या गाडीच्या सायलेन्सरपासून सुरू होते. मला ती आज सुरुवातीपासून शेवटापर्यंत नीट सांगता येते, म्हणून आजच लिहायला बसले. तुम्हाला मराठी सावकाश वाचता येतं, त्यामुळे सोपं लिहीन. अडलं तर बाबांना विचारा. पण त्यांना मधली पानं गाळू देऊ नका.

गाडी तुम्ही पाहिली आहे. दोन दारांची, बुटकी, लाल. आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घातल्यासारखं बसावं लागतं आणि उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. अकोल्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची ती होती. त्यांचे गुडघे गेल्यावर त्यांनी ती तुमच्या आजोबांना दिली, कारण त्यांच्या ओळखीत तिचं बोनेट उघडून आत डोकावणारा हा एकच माणूस होता. आजोबा तेव्हा सत्तरीचे होते. कॉलनीतली मुलं गाडीला बेडूक म्हणत. आजोबांना त्याचा राग येत नसे. ते म्हणत, "बेडूक तं बेडूक, पन उडी पाहा."

गेल्या दोन वर्षांत त्यांचे कान गेले. जिनिंग फॅक्टरीत इंजिनिअर म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान लवकर जातात. कापसातली सरकी काढणाऱ्या त्या यंत्रांच्या आवाजात शेजारच्याशीसुद्धा खुणेनं बोलावं लागे. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. ते डबीत राहिलं. खरी अडचण त्यांना गाडीत जाणवली.

"अवं, हे इंजिन बोलते का मुकं झालं, तेच समजत नाई मले," ते एकदा म्हणाले. "काटा पाहून गेर बदलावं लागते. असं कुठं असते का?"

"मग यंत्र लावा कानाला."

"मी काहून लावू? गाडीचाच आवाज वाढवतो ना."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण एप्रिलमध्ये कुरिअरनं तीन लांब खोकी आली. आत चकचकीत स्टीलच्या दोन नळ्या आणि एक सायलेन्सर, लहान मुलाच्या धडाएवढा. त्याच्या आत आवाज मर्यादेत ठेवणारी एक भोकाभोकांची नळी बसवलेली होती. ती काढून टाकली तर गाडी अर्धं शहर जागं करील, पोलीसही पकडतील. म्हणून ती काढायची नाही, असं आजोबांनी मला आपणहून वचन दिलं. ते वचन त्यांनी पाळलं, हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढे जे झालं त्यात त्या आतल्या नळीचा भाग आहे.

आता एका वहीबद्दल सांगायला हवं.

या वर्षी संक्रांतीनंतर तुमच्या आजोबांचं काहीतरी चुकत होतं. दोनदा ते बँकेत जाऊन कशासाठी आलो हे विसरून परतले. एकदा मला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारली. मी तुमच्या बाबांना सांगितलं, बाबांनी डॉक्टरांना विचारलं, आणि डॉक्टरांनी असं सुचवलं की तीन महिने मी एका वहीत सगळं टिपून ठेवावं: काय विसरले, कुठे गोंधळले, नसलेले आवाज किंवा वास त्यांना येतात का. तारीख आणि वेळेसह. जूनमध्ये बाबा येणार, वही बघणार, आणि तपासणीनंतर ठरवणार. काय ठरवणार तेही बाबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. विसरण्याचा आजार निघाला तर गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि आम्ही दोघांनी तुमच्याकडे यायचं, कायमचं. तुम्ही आम्हाला हवे आहात, त्यात शंका नको. पण तुमच्या चौदाव्या मजल्यावर तुमचे आजोबा काय करतील, हे मला त्या दिवसापासून दिसत होतं. खिडकीशी बसून राहतील, दुसरं काय.

वही निळ्या पुठ्ठ्याची होती. मी ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली. नोंद कशी करायची ते मला कुणी सांगायला नको होतं.

मेच्या सुरुवातीला काम काढलं. आजोबांच्या फॅक्टरीतले जुने फिटर मिस्त्री, तेही आता साठीच्या पुढचे, बडनेरा रोडवरून सकाळी सहाला येत आणि ऊन चढायच्या आत परत जात. पोर्चमध्ये गाडी जॅकवर उचलून चार लोखंडी घोड्यांवर ठेवली. मिस्त्री गोणपाटावर पाठ टेकून खाली सरकले. तुमचे आजोबा स्टुलावर बसून पाने हातात देत होते.

"साहेब, लोकं या वयात जपमाळ घेतेत हाती," खालून मिस्त्री म्हणाले. "तुमी पाना घेतला."

"जपमाळेले ग्रीस लागते का? मंग काय मजा?"

"वयनी, आयकलं का? साहेबाले मजा पायजे."

"ऐकलं. चहा आत घ्याल की तिथेच?"

"इथंच द्या. बाहेर निघालो तं परत घुसनं होत नाई मले."

जुने नट गंजून एकजीव झाले होते. त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल टाकायचं, दिवसभर मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी हलवून पाहायचं, असं चाललं. निघालेला प्रत्येक भाग मी एका कागदाच्या पट्टीवर नाव लिहून, दोऱ्यानं बांधून ठेवत होते: "पुढची नळी, डावा नट", "मधला रबर, फाटका". पोर्चच्या भिंतीवर यादी टांगली होती. काय काढलं, काय ठेवलं, काय परत बसवायचं. काम झालं की समोर टिकची खूण. तुमचे आजोबा हसत. "गाडी नाई, हे तं लायब्ररी झाली." पण दर वेळी यादीच पाहत.

तिसऱ्या दिवशी एक जाड बोल्ट तुटून आतच राहिला. तसा दुसरा अकोल्याहून मागवावा लागला आणि काम नऊ दिवस अडलं. नव्या नळ्या आणि सायलेन्सर तोवर पोर्चमध्येच गोणपाटावर पडून होते. मेमध्ये आपल्या पोर्चमध्ये कुंभारीण माशी फार. बारीक कमरेची, निळसर. जिथे भोक दिसेल तिथे चिखलाचं घर बांधते. स्कूटरच्या कुलपाचं भोक तिनं त्याच आठवड्यात बुजवलं होतं. पण ते नऊ दिवस मला विशेष आठवत नाहीत. खूप ऊन होतं. दुपारी कूलर लावून पडायचं, संध्याकाळी उठायचं. आपल्या भागातली ती दुपार तुम्ही पाहिलेली नाही. साडेअकरानंतर रस्त्यावर कुणी नसतं. कुत्री गटारात उतरून बसतात. पत्रे तडतड वाजतात. एखादी सायकल गेली तरी कोण गेलं म्हणून माणूस कान देतो. लहानपणी आम्हाला त्या वेळी अंगणात जाऊ देत नसत, आणि त्याचं कारण ऊन आहे असं कुणी सांगत नसे.

बोल्ट आला, सगळं बसलं. पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा गाडीनं दोन ठसके दिले आणि ती बंद पडली. मिस्त्री म्हणाले, "नवीन हाय साहेब. घसा मोकळा करून राह्यली." तिसऱ्या वेळी ती चालू झाली, आणि तुमच्या आजोबांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी छातीवर तळहात ठेवला. "इथं आयकू येऊन राह्यलं," ते म्हणाले. "कानात नाई. इथं."

आवाज जाड होता, पण मोठा नव्हता. फक्त त्याच्या खाली आणखी एक आवाज होता. गाडी जागेवर उभी असताना, इंजिन हळू चालत असताना, कुणीतरी लांब नळीत तोंड घालून श्वास सोडावा तसा. माझ्या पुस्तकांच्या कपाटाच्या काचा त्या आवाजाला धरून थरथरत. मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, नवा सायलेन्सर असाच घोंगावतो, आणि आतलं संरक्षणाचं तेल जळतं त्याचाही दोन दिवस वास येईल. दोन दिवस वास आला. तेलाचाच.

तेव्हापासून रोज सकाळी आजोबा सहाला गाडी काढून नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यानं थोडं जाऊन येत. सात-सव्वासातला परत. शेजारच्या बाईंनी मला कुंपणावरून विचारलं, "काकू, तुमच्या बेडकाले खोकला झाला का वं?" मी हसले. पाचव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आजोबा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले,

"रुई जळून राह्यली."

सरकी काढलेल्या कापसाला रुई म्हणतात. मी म्हटलं, "कुठे?"

"कुठं ते नाई समजत. पन जळून राह्यली. तुले येत नाई वास?"

मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. देवापुढची वात केव्हाच विझली होती. गॅस बंद होता. "नाही येत," मी म्हटलं, आणि तेव्हा ते खरं होतं. वहीत लिहिलं: सकाळी ९.१०. नसलेला वास. रुई.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, पावणेदहाला. तिसऱ्या दिवशी अकराला. गाडी सातपासून पोर्चमध्ये थंड उभी असायची. तिचा विचारसुद्धा मनात आला नाही. वास यायचा तेव्हा काहीच चालू नसे. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीनं घाबरले होते, आणि ती गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची आहे.

लग्नानंतर आम्ही अकोल्याला फॅक्टरीच्या आवारातच राहत होतो. खिडकीसमोर गोदाम, त्यात रुईच्या दाबलेल्या गठाणी छतापर्यंत. कापूस दाबताना यंत्राची एखादी ठिणगी आत सापडली, तर ती गठाणीच्या पोटात राहते. ज्वाळा नाही, धूर नाही. आतल्या आत आठ-आठ दिवस पसरते. बाहेरून हात लावला तर गठाण थंड. फक्त वास. तुमचे आजोबा नवीन होते, चोवीस वर्षांचे. त्यांना तीन दिवस वास येत होता. वरच्या साहेबांनी सांगितलं, तुम्ही शहरात शिकलात, तुम्हाला कापसाचा वासच माहीत नाही. चौथ्या दिवशी दुपारी एक हमाल जेवून गठाणींवर झोपला तो उठला नाही. अंगावर कुठे डाग नव्हता; धुमसत्या कापसाचा विषारी वायू झोपेतच भिनला होता. चेहरा झोपलेल्या माणसाचा होता. त्याला नेताना मी खिडकीतून पाहिलं. त्यानंतर गठाणींत लांब लोखंडी सळया खुपसल्या, थोडा वेळ ठेवल्या, ओढून काढून हात लावत गेले. एका सळईनं हात भाजला. तीच ती गठाण.

त्यानंतर कितीतरी वर्षं आजोबा दुपारी झोपत नसत. तर आता, म्हातारपणी, त्यांना तोच वास येऊ लागला, तेव्हा मला वाटलं की हे परत तिथे चालले आहेत. मी वाचलं होतं की असं होतं. माणूस आधी आजचं विसरतो आणि मग मागे मागे जात जातो.

आठव्या दिवशी मलाही वास आला.

मी व्हरांड्यात वाती करत बसले होते. गावाहून दर वर्षी आपल्या शेतातला थोडा कापूस येतो. तो पिशवीतून काढायचा, सरकी वेगळी करायची, मांडीवर वळायचा. टळटळीत ऊन होतं. बाहेरचा रस्ता पांढरा दिसत होता. आणि तो आला. जुन्या गादीला ठिणगी लागावी तसा, कोरडा, गोडसर, घशाच्या मागे बसणारा. मी हातातला कापूस नाकाशी नेला. त्याला काहीच वास नव्हता. मी पोर्चमध्ये गेले. गाडीवर आवरण होतं. खाली फरशीवर, गाडीच्या मागे, काळ्या मऊ कणांचा एक ओळखू न येणारा डाग. बोट लावलं तर पसरला. रोज सकाळी असायचा, मी रोज पुसायचे. वाटायचं, नव्या नळीची काजळी आहे.

पोर्चमध्ये कुणी नव्हतं. पण तिथे कुणीतरी नुकतंच झोपून उठून गेलं आहे असं मला वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही विचारलंत.

मी आत येऊन वही उघडली, आणि लिहिलं नाही. माझा वास त्या वहीत बसत नव्हता. वही त्यांची होती. मी स्वतःला समजावलं की नवऱ्यानं आठ दिवस एकच गोष्ट म्हटली की बायकोच्याही नाकात ती शिरते. त्यानंतर चार दिवस मला वास येत राहिला आणि मी चार दिवस त्यांना "नाही" म्हणत राहिले. वहीत त्यांच्या नावावर चार नोंदी वाढल्या. बाळांनो, आयुष्यभर मी एकही खोटी नोंद केली नव्हती. त्या चार केल्या.

पाचव्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी उभे होते, वही हातात घेऊन.

"एवढं काहून लिवून राह्यली वं तू?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी पानं उलटली. "नसलेला वास. नसलेला वास. नसलेला वास." मग खुर्चीवर बसले. वही मिटून मांडीवर ठेवली. "पोराले फोन लाव. म्हन, गाडी घेऊन जा. घरही पाहा म्हन काय करायचं ते. मले आता कोनावर भरोसा नाई राह्यला, माह्यावर तं नाईच."

आणि किल्ली टेबलावर ठेवली. त्यांच्या हाताला अजून ग्रीसचा डाग होता, अंगठ्याजवळ.

मी म्हटलं, "मलाही येतो."

"काय?"

"वास. मलाही येतो. पाच दिवस झाले."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते मी इथे लिहिणार नाही. मग म्हणाले, "तुले येते? खरंच येते? रुईचा?"

"रुईचा. जळत्या."

"मंग जळून राह्यली," ते म्हणाले आणि उठले. "दोघाले येते तं कुठं तरी जळून राह्यली. चाल!"

पंधरा दिवसांत मी त्यांना इतकं चटचट चालताना पाहिलं नव्हतं. मिस्त्रींना फोन करून बोलावलं. तोवर घरातलं प्रत्येक गाठोडं, गाद्या, उशा, कापसाची पिशवी, सगळं उन्हात काढलं. काहीच नव्हतं. मग ते पोर्चमध्ये थांबले. वास तिथे दाट होता. त्यांनी गाडीचं आवरण ओढलं, गुडघ्यांवर बसले, सायलेन्सरवर तळहात ठेवला. सकाळपासून तीन तास गाडी बंद होती.

"गरम हाय," ते म्हणाले.

मिस्त्री आले तेव्हा आजोबा पोर्चच्या जाळीची एक सळई घेऊन बसले होते. मागच्या तोंडातून ती आत घातली, त्या भोकाभोकांच्या नळीच्या बाजूनं, आणि थांबले. रस्त्यावर कुणीही नव्हतं. सळई बाहेर काढून त्यांनी तिचं टोक बोटानं हलकेच शिवलं आणि हात झटकला.

मिस्त्रींनी सायलेन्सर उतरवला, आतली नळी सोडवली आणि तारेचा आकडा घातला. बाहेर आलं ते काळं, मऊ, हाताच्या मुठीएवढं होतं. हवा लागताच त्याच्या पोटात एक लाल कड उमटली आणि धुराचा बारीक धागा वर गेला. मिस्त्रींनी ते पाण्याच्या बादलीत टाकलं. फोडून पाहिलं. मधोमध थोडा पांढरा कापूस शिल्लक होता. इंजिनाच्या दाबानं तो सरकत जाऊन आतल्या नळीमागच्या कोपऱ्यात अडकला होता. गाडी चालली की तापायचा, गाडी थांबली आणि बाहेरची हवा आत शिरली की धुमसायचा. तो श्वासासारखा आवाज त्याचाच.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "रुई कोनं कोंबली इच्यात?"

"मले काय पुसता? मी मेलो तरी नळीत रुई घालन का? चिंधी तुमी लावली असन."

"मी तं चिंध्याच लावल्या होत्या त्या तुटक्या बोल्टाच्या भोकाले, अन् मोजून काढल्या. रुई माह्याजवळ कुठून येईन?"

मी म्हटलं, यादीत पाहू. मला वाटलं, यादीतून दोघांपैकी एकाची चूक दिसेल. पोर्चच्या भिंतीवरून यादी काढली, चष्मा लावला, आणि बोट खाली नेत गेले. बोल्ट अडकल्याच्या दिवसाखाली एक ओळ होती:

नव्या नळ्यांची तोंडं: कापसाचे बोळे, तीन, आत खोल. (कुंभारीण माशी.)

त्यापुढे टिकच्या खुणा. दोन.

अक्षर माझं होतं. कंसदेखील माझा, यादीतले आकडे मी नेहमी अक्षरांत लिहिते, तेही तसंच. ती ओळ मी तीन वेळा वाचली. मला ती लिहिल्याचं आठवेना. कापूस घेतल्याचं, गोणपाटापाशी वाकल्याचं, बोट नळीत घातल्याचं, दोन बोळे काढून खुणा केल्याचं. काही नाही. एखाद्या अनोळखी बाईनं माझ्या घरात येऊन माझ्या हातानं काम करावं, माझी पेन्सिल परत खिळ्याला अडकवावी आणि दार लावून निघून जावं, तसं. ती बाई त्या नऊ दिवसांत किती वेळा आली होती, मला माहीत नाही. आजही माहीत नाही.

मी यादी तुमच्या आजोबांच्या हातात दिली. त्यांनी वाचली. मिस्त्रींना वाचता येतं, पण त्यांना दाखवली नाही. घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "मिस्त्री, चूक माहीच हाय. मीच घातली असन. म्हातारा झालो."

"होते साहेब," मिस्त्री म्हणाले. "पन तुमी? रुईचा मानूस?"

"हो ना. पाहा आता."

मिस्त्री गेल्यावर मी वही उघडली. शेवटच्या चार नोंदी खोडल्या नाहीत. खोडाखोड मला चालत नाही. खाली लिहिलं की हे वास खरे होते, मलाही येत होते, मी सांगितलं नाही, आणि कापूस मी घातला होता. मग नवं पान घेऊन वर माझं नाव घातलं. आजोबा बाजूला उभे राहून पाहत होते. "राहू दे वं," ते म्हणाले. मी राहू दिलं नाही.

जूनमध्ये तुमचे बाबा आले तेव्हा मी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. नागपूरला दोघांचीही तपासणी झाली. तुमच्या आजोबांचं विसरणं त्यांच्या कानांचं निघालं: बँकेत त्यांना ऐकू येत नव्हतं आणि ते सांगायला लाजत होते; नावाची चूक तर कुणाचीही होते, असं डॉक्टर म्हणाले. माझं तसं नाही. माझं आहे, सुरुवातीचं, आणि ते वाढणार आहे. डॉक्टरांनी ते नीट इंग्रजीत सांगितलं, मी नीट ऐकलं, दोन प्रश्न विचारले. तुमचे बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मग ठरवायची वेळ आली. बाबा म्हणाले, आता तर तुम्ही यायलाच हवं. तुमच्या आजोबांनी त्या दिवशी पहिल्यांदा कानाला यंत्र लावलं होतं. ते म्हणाले, "तिले या घरात कुठं काय हाय ते माहीत हाय. तिकडं नेलं तं पह्यल्या दिवशीच हरवन. मी आयकतो आता. मी हावो." बाबा खूप वेळ बोलले, आजोबांनी सगळं ऐकलं, आणि तेच पुन्हा म्हणाले. मलाही विचारलं. मी म्हटलं, इथे.

ते आता माझी वही लिहितात. अक्षर वाईट आहे. वेळ लिहायला विसरतात, मग मी विचारून घालते.

कधी कधी दुपारी मी व्हरांड्यात बसते आणि ती दुसरी बाई पोर्चमध्ये असावी असं वाटतं. मी उठून पाहायला जात नाही. तुमच्या आजोबांना हाक मारते, आणि आता ते पहिल्या हाकेला येतात.

आज जे आहे ते असं. आम्ही दोघं अमरावतीतच, आपल्या घरात राहतो. गाडी चालते; आजोबा सकाळी मला शेजारी बसवून मोझरीच्या फाट्यापर्यंत नेऊन आणतात. सायलेन्सर स्वच्छ आहे आणि आवाज चांगला आहे. तुमची दोघांची नावं, वाढदिवस आणि चेहरे मला पाठ आहेत.